भिंतीकडे तोंड

प्रिय अब्बा,

अस्सलामु अलैकुम. फोटोंचं तुमचं खातं गावच्या नव्या लॅपटॉपवर उघडत नाही, हे नावेदभाईनं कळवल्यापासून मला चैन नाही. नको तिथे नाक खुपसायची माझी सवय तुम्हाला ठाऊकच आहे. अम्मीचे सगळे फोटो त्यात, म्हणून जीव तुटतोच. पण कोडं वेगळंच पडलं होतं. इथे आखातात, सलमाबादच्या दुकानात तीस वर्षं गाडीचा कुठला पार्ट कुठल्या फळीवर हे न बघता सांगणारा माणूस स्वतःचा पासवर्ड विसरेलच कसा?

आणि पासवर्डही कसला! तो टाकताना तुम्ही आम्हाला भिंतीकडे तोंड करून उभं करायचात. अम्मीलासुद्धा. ती बिचारी ओढणी तोंडाला लावून हसायची. मी एकदा भिंतीवरच्या आरशातून बघायला गेले, तर दुसऱ्या दिवशी आरसाच गायब.

परवा सुट्टी होती, म्हणून माहूजच्या माझ्या घरून सलमाबादला दुकानात गेले. आता ते अर्सलान बघतो, पण तुमचा जुना कॉम्प्युटर तिथेच आहे. त्यावर माझं खातं उघडायला बसले, तर माझाच पासवर्ड चुकीचा! तीनदा. मग पडद्याच्या कोपऱ्यात लक्ष गेलं. तो कॉम्प्युटर सुरू होतो तोच अरबीत. आपण इंग्रजी समजून कळा दाबतो, आत जातात अरबी अक्षरं, आणि दिसतात नुसते काळे ठिपके. इतकी वर्षं तुम्ही अरबी पासवर्ड टाकत होतात, अब्बा, आणि तुम्हालाच पत्ता नाही! गावच्या लॅपटॉपला अरबी कुठून येणार?

नावेदभाईकडून त्यावर अरबी सुरू करून घ्या. मग त्याला भिंतीकडे तोंड करून उभा करा आणि नेहमीच्याच कळा दाबा. खातं उघडलं की नवा पासवर्ड ठेवा. मी विचारीनच, पण मला सांगू नका.

हे फोनवर दोन मिनिटांत सांगता आलं असतं. पण नावेदभाई म्हणाला, त्या दिवसापासून तुम्ही गप्प असता, रोज नातवंडांची नावं मनाशी घोकून बघता, आणि डोकं चालेनासं झालं म्हणून शनिवारी डॉक्टरकडे जायचं म्हणता. ते ऐकून मला रडू आलं. आपला राहील उद्याच रत्नागिरीला निघतोय, त्याच्या हाती हे पत्र देते. खिशात ठेवा, आणि पुन्हा कधी शंका आली तर काढून वाचा. अब्बा, तुम्ही काहीही विसरला नव्हतात.

तुमचीच, अजूनही डोकावणारी,
अकीला