ऋषिराजचा झाडू आणि आमचं सोनं

लासुर्णे, बुधवार

बावड्याच्या सावळारामभावजींना लासुर्ण्याच्या संजीवनीवहिनीचा नमस्कार. गुडघा कसा हाय? मिशीला कलप लावायला वाकावं लागत न्हाय, तवा तेवढं तरी सुरळीत चालू असंल. आमी हितं खुशाल. (न्हाय, पण पत्रात तसंच लिवायचं असतं.) फोनच केला असता, पण तुमी स्पीकर लावून अख्ख्या गल्लीला ऐकवताय, आणि ही गोष्ट गल्लीची न्हाय. म्हणून दुधाच्या टेम्पोवाल्या मानसिंगच्या हाती पत्र धाडलंय. त्याला चहा पाजा, नुसतं "ये की बस" म्हणून वाटंला लावू नका.

तर भावजी, तुमच्या ऋषिराजनं आमच्या घरात जो झाडू सोडलाय, त्याचा धसका अजून माझ्या काळजातनं जाईना. शिंदीचा न्हवं, कॉम्प्युटरातला. आमची सून स्वरूपा गावच्या डेअरीसाठी एक काम करतीय. दूध काट्यावर ठिवलं की लिटर, फॅट, दर सगळं ज्याचं त्याच्या मोबाईलवर जाणार. त्यासाठी कॉम्प्युटरला हुकूम लिवून ठेवायचे, त्याला ती स्क्रिप्ट म्हणती. एक खरा हुकूम जमस्तोवर ढीगभर कच्चे लिवायचे, आणि ते तितंच पडून राहत्यात, भाकरी थापताना परातीभवती पीठ सांडावं तसं. दिवाळीला ऋषिराजनं ते बघितलं. "वहिनी, हितं झाडू पायजे," असं तिला म्हणला आणि बसल्या बैठकीला प्रोग्राम करून दिला. दर शुक्रवारी त्यो आपला आपण फिरतो. ज्या फायलीच्या नावात 'टेंप' असंल ती कच्ची समजून कायमची उडवतो. इचारत न्हाय, पुसत न्हाय. (तुमच्याच घरचा.)

आता तुमी मला सांगा, तुमच्या वडलांचं नाव काय? केरबा. का? तर त्यांच्या आधीची भावंडं जगली न्हाईत, म्हणून जन्मल्या जन्मल्या त्यांना उकिरड्यावर ठिवून उचललं आणि केर म्हणून हाक मारली. यमाला वाटलं खरंच केर हाय. गेला सोडून. आणि म्हातारा नव्वदीपतोर आमच्यावर खेकसत जगला. ही आपली रीत.

तर स्वरूपाची खऱ्या हुकमाची फायल जमली, आणि त्याच दिवशी शेजारची तमन्ना दारात उभं राहून म्हणली, "काकी, तुमची सून लई हुशार निघाली हां!" मी सुनंला म्हटलं, पोरी, ह्या फायलीला वंगाळ नाव दे, नजर लागंल. ती हसली. "आत्या, आमच्यात केराला टेंप म्हणत्यात." म्हटलं, मग टेंपच ठेव. सासूचा मान राखला बिचारीनं.

शुक्रवारी झाडू फिरला.

स्वरूपा अशी वरडली की मला वाटलं साप निघाला. मी काठी घिऊन पळाले, तर ती नुसतीच पडद्याकडं बोट दाखवतीय. फायल न्हाय, काय न्हाय, सगळं लख्ख! नाव ठिवताना झाडूची आठवण दोघींना बी ऱ्हायली न्हवती. ऋषिराजला फोन लावला तर म्हणतोय कसा, "काकी, सोन्याला केर म्हटल्यावर झाडूनं काय करायचं?" मग सून माझ्याकडं बघाय लागली. भावजी, तुमचे बंधू गेले तवा बी माझ्याकडं असं कुणी बघितलं न्हवतं.

पोरीनं डोळ्यांची लाल मिरची करून सगळं पयल्यापास्नं लिवलं. येत्या शनिवारी डेअरीच्या चेरमनसायबांना दाखवायचंय. पसंत पडलं तर तिला हितंच काम. न्हाय तर लेक-सून पुण्याला निघाली, खोली बी बघून ठिवलीय. मग मी भिंतीला इचारायचं, चहात साखर किती घालू?

यंत्राला आपली रीत कळत न्हाय हे मान्य. पण ऋषिराज तर केरबाचा नातू हाय! त्याला समजावा. वंगाळ नावाची चीज आधी उचलून बघावी.

जाऊबाईंना नमस्कार, आणि त्यांनी दिलेलं लोणचं खारट झालंय म्हणून सांगा. (सपलंय. आणखी धाडा.)

तुमची,
संजीवनीवहिनी

ता. क. – स्वरूपानं नव्या फायलीचं नाव काय ठिवलंय म्हाईतंय? 'लक्ष्मी'! इतकं उघडं नाव! आणि आज सकाळी तमन्ना परत तेच बोलून गेली.

आणखी ता. क. – मला ऱ्हावलं न्हाय. स्वरूपा कॉम्प्युटर चालूच ठिवून माहेरी नरसिंहपूरला गेलीय, शनिवारी तिकडनंच थेट डेअरीत येणार. मी नाव बदलून परत टेंप केलंय. (तिचं बघून शिकले.) मग माझं मलाच कळलं आणि उलट करायला गेले, तर कॉम्प्युटर झोपला. उठवायला पासवर्ड मागतोय. परवा शुक्रवार हाय. ऋषिराज म्हणं बावड्यात बसून आमच्या कॉम्प्युटरात शिरतो. त्याला आजच्या आज शिरू द्या आणि त्यो झाडू बांधून ठेवा. स्वरूपाच्या कानावर घालू नका. (ऋषिराजला मीच फोन केला तर त्यो हसंल आणि पयलं तिलाच सांगंल.)

शेवटचं – झाडू फिरलाच, तर सून जाईल पुण्याला आणि मी येईन बावड्याला. कायमची. कलपाची बाटली कुठं लपवताय, ते पयल्याच दिवशी हुडकून काढीन.