बांधी सोमारीला, घर पोरींना

मी, मनकर्णाबाई बेवा गुणवंतराव भोयर, जात कुणबी, वय अंदाजे साठ, धंदा काश्तकारी, राहणार मौजा आंबेटोला, कुरखेड्याजवळ, जिल्हा चांदा, आज पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र सांगून लिहवून घेत आहे. पाय सुजतात, चार पावलांत दम लागतो. पण डोके ठिकाणावर आहे. ज्याला शंका असेल त्याने आजच येऊन माझ्याशी बोलून घ्यावे, मागाहून कोर्टात बोलू नये. लिहिणारे सोमाजी मास्तर म्हणतात की मृत्युपत्रात एवढी हकीकत लागत नाही. पण कोणाला काय दिले एवढेच लिहिले तर लोक म्हणतील, म्हातारीला भुलवले. म्हणून का दिले तेही लिहावे, असे मी त्यांना सांगितले आहे.

कलम १. मला मूलबाळ नाही. दोन झाली, दोन्ही पाळण्यातच गेली. यजमान सन १९४३ च्या उन्हाळ्यात तापाने वारले. त्यांच्या व त्यांचे धाकटे भाऊ नानाजी यांच्या वाटण्या आधीच झाल्या होत्या. यजमानांच्या वाट्याची बोडीखालची, म्हणजे तळ्याखालची, धानाची शेती माझ्या नावावर चढली, पण हयातीपुरती. माझ्यामागे ती नानाजींच्या घरी जायची होती. दोन वर्षांपूर्वी नवा वारसा कायदा झाला. त्याने ही जमीन पुरती माझी झाली, ती कोणाला द्यायची ते मीच ठरवायचे, असे चांद्याच्या वकिलांनी मला समजावून दिले. विश्वास बसेना म्हणून मी त्यांना पुन्हा पुन्हा विचारले.

कलम २. बोडीखालच्या सर्व बांध्या, म्हणजे धानाची खाचरे, मी सोमारी बेवा बिरजू मडावी, राहणार मरकाटोला, आणि आमच्या गावची गुणाबाई, जिला नवऱ्याने टाकले, या दोघींना निम्म्यानिम्म्या देते.

यजमान गेले त्या वर्षी नानाजी भाऊजी मला म्हणाले, शेत आमच्याकडे द्या आणि आमच्या चुलीवर दोन घास खा. मी नाही म्हटले. तेव्हा त्यांनी गावातल्या एकूण एक नांगऱ्याला माझ्या शेतात उतरू नका म्हणून ताकीद दिली. पाऊस लागला. सगळ्यांच्या शेतांत चिखल झाले, रोवणे सुरू झाले; माझे परहे, धानाची रोपे, मात्र तसेच उभे राहून पिवळे पडू लागले. मी दारोदार फिरले. लोक मान खाली घालून घरात जात.

सोमारी डोंगरावरून बांबूच्या टोपल्या आणून तांदूळ बदलून नेत असे, एवढीच आमची ओळख. तिने ते परहे पाहिले आणि विचारले, "काऊन रोवलं नाई बाई?" मी सांगितले. बाईने नांगराला हात लावला तर पाऊस पळतो असे आमच्यात मानतात, तेही सांगितले. ती म्हणाली, "आमच्यातही तसंच मानतात. माह्या बिरजूले वाघानं नेलं, तवा मीच नांगर धरला. आभाळ पडलं नाई."

दुसऱ्या दिवशी ती आपली बैलजोडी घेऊन उतरली. त्या दिवशी तिने नांगरले, मी कडेला धुऱ्यावर उभी होते. त्याच्या दुसऱ्या दिवशी मुठीवर हात मी ठेवला. सारे गाव बोडीच्या पाळीवर उभे राहून पाहत होते. चिखलात नांगर सरळ जाईना. तरी रोवणा झाला आणि धान पिकले.

पुढच्या साली पावसाने ओढ दिली आणि दोष माझ्या माथी आला. पंचांनी गावची विहीर मला बंद केली. बोडीचे गढूळ पाणी गाळून मी प्याले. त्या दिवसांत सगळ्यांच्या देखत आपल्या घागरीतले पाणी माझ्या घागरीत ओतणारी गावात एकटी गुणाबाई होती. त्याबद्दल तिलाही बोलणी बसली. म्हणून निम्मे तिचे.

कलम ३. माझे राहते घर, गुरांचा कोठा व परसू मी सोमारीची मुलगी बुधरी हिच्या हवाली करते. ते तिने डोंगरावरच्या ज्या मुली इथल्या शाळेत शिकायला येतील त्यांच्या राहण्यासाठीच ठेवावे. शेतातले धान पिकेल त्यातून आधी या मुलींचा भात शिजावा, मग सोमारी व गुणाबाई यांनी आपापले न्यावे. दोघींना हे कबूल आहे.

सोमारीने त्या नांगरणीची मजुरी घेतली नव्हती. ती म्हणाली, "मजुरी नको. माही बुधरी तुह्या घरी ठेव, शाळेत घाल. आमच्याकडे साहेब येते, कागद वाचते, आम्ही अंगठा देतो. खरं वाचते का खोटं, कोणाले मालूम?"

मास्तरांनी बुधरीला मुलांच्या रांगेत बसू दिले नाही. ती ओसरीवर बसून आतले ऐकत असे. मी कामे उरकून तिच्याशेजारी जाऊन बसू लागले. बाई रोज दारात बसते हे लोकांत दिसू लागले, तेव्हा बुधरीला आत घेतले. ते मास्तर म्हणजे हेच सोमाजी. इथे त्यांचा हात थांबला होता. मग म्हणाले, "लिहितो बाई. खरं आहे ते." बुधरी आज मरकाटोल्याच्या नव्या शाळेत शिकवते.

तिच्यामागून इतर मुली आल्या. त्यांतली डोंगरावरच्या इसरूची मोठी मुलगी मैनी तिसरीत असताना थंडीतापाने माझ्या घरात, माझ्या मांडीवर गेली. इसरू आला, तिला घोंगडीत गुंडाळून खांद्यावर घेऊन डोंगर चढला. मला वाटले, आता वरून एकही पोर खाली येणार नाही. घर बंद करावे असे मी मनाशी ठरवले. तिचे दिवस झाले आणि इसरू धाकटीचा हात धरून माझ्या अंगणात उभा राहिला. म्हणाला, "मोठीचं अर्धं राह्यलं बाई. हिनं पुरं करावं." ती मुलगी यंदा चौथी पास झाली. हे घर कोणी मोडू नये, ते यासाठी.

कलम ४. पाटल्या मोडून मी परसात विहीर खोदली आहे. तिचे पाणी कोणत्याही जातीच्या माणसाला नाकारू नये. ज्यांनी मला नाकारले त्यांच्या घरच्यांनाही नाही.

कलम ५. नानाजी भाऊजी व त्यांची मुले यांना माझ्या मिळकतीतून काही नाही. शिव्याशापही नाहीत.

कलम ६. माझी तेरवी करू नये. कोठीत धान असेल ते बियाण्याला ठेवावे. रोवण्याच्या दिवसांत मी गेले तर जाळून यावे आणि बायांनी पुन्हा बांधीत उतरावे. परहे थांबत नाहीत.

साक्षीबद्दल. पहिला साक्षीदार, गावचा नथ्थू शेंडे, सकाळीच आला. दुसरे साक्षीदार मुखरू पाटील यायचे होते. त्यांच्याकडून अंगात कणकण असल्याचा निरोप आला. नानाजी भाऊजींची मुले काल त्यांच्या घरी बसली होती, हे मला ठाऊक आहे. दुसऱ्या साक्षीवाचून कागद अडून राहिला. एवढ्यात स्वतः नानाजी भाऊजी काठी टेकत आले आणि ओसरीवर बसले. त्यांनी मास्तरांना सगळा कागद वाचायला लावला. नांगऱ्यांना दिलेली ताकीद आली, विहीर आली, त्यांना काही नाही हेही आले. सगळे ऐकून ते म्हणाले, "वहिनी, माही पोरं उद्या कोर्टात जातीन. माही सही पाह्यली तर जाणार नाईत. कुठी करू?"

त्यांनी माफी मागितली नाही. मीही जुने काही काढले नाही. मास्तर, त्यांना जागा दाखवा, एवढेच मी म्हटले.

येथवरचे सर्व मला वाचून दाखवले. ते माझ्या बोलण्याप्रमाणे आहे.

निशाणी डाव्या हाताचा अंगठा, मनकर्णाबाई बेवा गुणवंतराव भोयर

साक्षीदार, आमच्यासमक्ष अंगठा केला:
१. नथ्थू शेंडे, राहणार आंबेटोला (अंगठा)
२. नानाजी भोयर, राहणार आंबेटोला (सही)

लिहिणार: सोमाजी मास्तर

मुक्काम आंबेटोला, जिल्हा चांदा
दिनांक १८ मे १९५८