अब्बांचा जुब्बा

अल कुसैस, मार्च १९९८

प्यारी अम्मी, सलाम.

मी बरा आहे, वेळेवर जेवतो. तुला झोप लागते का?

अब्बांसाठी शिवलेला ईदचा जुब्बा अजून दुकानात टांगलेला आहे. काल एका स्पॅनिश गिऱ्हाइकाने तो हातात घेतला. म्हणाला, "आमच्याकडे जुन्या अंगरख्याला खुबोन म्हणायचे. तो शब्द अरबांच्या जुब्ब्यावरूनच आलाय. हा केवढ्याला?"

"विकायचा नाही. माझ्या अब्बांचा आहे."

"मग न्यायला कधी येणार ते?"

अम्मी, अब्बांच्या मातीलाही मला पोचता आलं नाही. ते गेले, हे त्याला सांगवेना. "येतील, इन्शाल्ला," म्हणालो.

गावी निघालेल्या हमीदभाईंबरोबर जुब्बा पाठवतोय. आपल्या धाकट्या तहाला घाल. सैल होईल, पण लहान करून घेऊ नकोस. पोर वाढतंय.

तुझ्या दुआंच्या आशेवर,
मुनीर