डाव्या हाताचा स्विच

अण्णा,

तुम्ही अमेरिकेत, स्टेट कॉलेज या माझ्या विद्यापीठाच्या गावी आलात त्या हिवाळ्यातल्या एका दुपारबद्दल मला लिहायचंय. दोन हजार पाच साल होतं. माझा पदवीदान समारंभ होता, ताईचं बाळंतपण असल्यामुळे आईला येता आलं नाही, आणि तुम्ही एकटेच, कानटोपी आणि मामांचा जुना कोट घालून, तीन विमानं बदलून आलात. तीस वर्षं पाटबंधारे खात्याची जीप चालवलेला माणूस. मित्रांना मात्र मी ‘वडील इरिगेशन डिपार्टमेंटमध्ये होते’ एवढंच सांगितलं होतं. ड्रायव्हर हा शब्द मी टाळला. तुमच्या ते लक्षात आलं होतं की नाही, मला कधी कळलं नाही.

माझा रूममेट नागपूरचा. त्याच्याकडे एक जुनी जीप होती आणि तिच्या पुढच्या-मागच्या दोन्ही डिफरन्शियलना, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणाऱ्या गिअरना, त्यानं स्वतःच्या हातानं लॉकर बसवले होते. आल्याच्या दुसऱ्याच दिवशी तुम्ही पार्किंगमध्ये बर्फावर पुठ्ठा टाकून तिच्याखाली शिरलात. ‘काका, कपडे खराब होतील,’ तो म्हणाला. तुम्ही आतूनच विचारलंत, ‘मागची चाकं बांधलीत ते ठीक. पुढची कशाला?’ त्यानं समजावलं, एक चाक घसरून गरगरायला लागलं की सगळा जोर त्यातच वाया जातो. लॉकर लावला की दोन्ही चाकं एकत्र फिरतात आणि गाडी बाहेर निघते. ‘पण मग वळणार कशी? बाहेरच्या चाकाला जास्त पळावं लागतं की.’ तो एकदम खूश झाला. ‘करेक्ट, काका! म्हणून फ्रंटवाला फक्त अडकल्यावर, सरळ रस्त्यावर, एकदम स्लो. निघालो की लगेच ऑफ.’ मी दारात उभा राहून ऐकत होतो. मला तुमचा अभिमान वाटायला हवा होता. तुम्ही बाहेर आलात तेव्हा मला फक्त तुमच्या पाठीला लागलेला चिखल दिसला.

शनिवारी आपण तिघं जंगलातल्या रस्त्यावर गेलो. तिथला बर्फ कुणी काढत नाही. मी हट्टानं जीप चालवायला घेतली. एका चढावर जीप रुतली तेव्हा मागचा लॉकर पुरला नाही, म्हणून रूममेट उतरून मागे उभा राहिला आणि त्यानं मला स्विच दाबून पुढचाही लावायला सांगितलं. जीप गुरगुरत वर आली. त्यानं खालून टाळ्या वाजवल्या. आणि मी त्याच्यासाठी थांबायचं सोडून तशीच पुढे काढली, कारण पहिल्यांदाच काहीतरी तुमच्यासमोर मला जमलं होतं. पुढे उतार आहे, उताराखाली डावीकडे वळण. तुम्ही हळूच म्हणता, ‘पुढचं सोड आता. वळण येतंय.’ मी ऐकत नाही. तुम्ही पुन्हा म्हणता. आणि मी ओरडतो, ‘अण्णा, ही तुमच्या साहेबांची जीप नाही! यातलं तुम्हाला काही कळत नाही. गप्प बसा.’

तुम्ही गप्प बसलात. मी स्टिअरिंग डावीकडे ओढलं, ते दगडासारखं जड झालं होतं. स्टिअरिंग वळलं होतं आणि जीप सरळ चालली होती. मी ब्रेकवर उभा राहिलो. एका झाडावर जाऊन ती थांबली. डावा दिवा फुटला, रेडिएटरमधून वाफ यायला लागली, आणि तुमच्या ओठातून रक्त आलं. तुम्ही पहिलं विचारलंत ते, ‘तुला लागलं का?’

रूममेट घसरत घसरत उतारावरून पळत आला. दार उघडून त्यानं आत पाहिलं. ‘अबे, फ्रंट लॉकर ऑन कसा? सांगितलं होतं ना यार, वर आल्यावर ऑफ कर म्हणून!’

‘केला होता मी ऑफ,’ मी म्हणालो. ‘अण्णांचा हात लागला असेल.’

तो स्विच स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला, दाराजवळ होता. तिकडे चालवणारा डावीकडे बसतो, तुम्ही उजवीकडे बसला होतात. तुमचा हात तिथवर पोचणं शक्यच नव्हतं. हे मला बोलता बोलताच कळलं, आणि ज्यानं तो स्विच बसवला त्याला तर कळलं असणारच. तुम्ही एकदा स्विचकडे पाहिलंत, एकदा माझ्याकडे. मग खाली उतरलात, गुडघाभर बर्फात उभे राहिलात आणि त्या पंचवीस वर्षांच्या पोरापुढे हात जोडलेत. ‘माझाच हात लागला, बाळा. चूक झाली. माफ कर.’ त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, ‘काका, असं नका करू प्लीज. गाडीच आहे.’ त्यानंतर त्या विषयावर तो माझ्याशी कधीच बोलला नाही. खरं तर हळूहळू इतर विषयांवरही कमीच बोलायला लागला. मे महिन्यात प्लेनो शहरात नोकरी लागून गेला, तेव्हा त्यानं हात मिळवला, बस.

तुम्ही रागवाल म्हणून मी आठवडाभर वाट पाहिली. तुम्ही सुजलेल्या ओठांनी पिठलंभात केलात, माझे शर्ट इस्त्री केलेत, समारंभात सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्यात. विमानतळावर आत जाता जाता एवढंच म्हणालात, ‘गाडी वळत नाही असं वाटलं तर ब्रेक दाबायचा नाही. ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलायचा.’ मला वाटलं, यापुढे तुम्ही काहीतरी बोलाल. तुम्ही पिशवी उचललीत आणि गेलात.

अडीच वर्षांनी तुम्ही गेल्याचा फोन आला. मी पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. दहाव्याला आई आलेल्या बायकांना सांगत होती, ‘अमेरिकेहून आले ते खचूनच. म्हणायचे, माझ्या हातनं पोराच्या मित्राची गाडी ठोकली गेली, पोराला खाली बघायला लावलं मी. तेव्हापासून कुणाच्या गाडीत पुढे बसले नाहीत हो.’ तुम्ही तिलाही खरं सांगितलं नव्हतंत. चुलत्यांनी माझ्याकडे पाहून विचारलं, ‘खरंच का रे?’ सगळे माझ्याकडे बघत होते. मी मान हलवली. हो म्हणालो.

आता आई माझ्याकडे, इथे अमेरिकेत पार्सिपनीला असते. बर्फ पडला की मी कामावर निघताना ती अजून म्हणते, ‘तुझ्या अण्णांसारखं नको हं करू, कशालाही हात लावू नकोस.’ मी बूट घालत राहतो. हे पत्र तिला वाचून दाखवायचं असं ठरवून मी लिहायला बसलो होतो. मघाशी ती चहा घेऊन आली आणि काय लिहितोस म्हणून विचारलं. ऑफिसचं काम आहे, असं मी सांगितलं.