नानांची इंजेक्शनं

जळगाव,
३ फेब्रुवारी १९९२

चि. अभिमन यास,
अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. आमच्या लताची बारावीची प्रॅक्टिकलं चालू आहेत. माझी ड्यूटी पुन्हा हाडांच्या वॉर्डात लागली आहे. तुझी केळीची कापणी सुरू झाली असेल. आईची तब्येत कशी आहे?

गेल्या बुधवारी आपल्या गावचा मगन कंपाउंडर सासऱ्याला घेऊन आमच्या दवाखान्यात आला होता. सासऱ्याचं खुब्याचं हाड मोडलं आहे, आपल्या नानांचं मोडलं होतं तसंच. ऑपरेशननंतर पोटात इंजेक्शनं द्यावी लागतील, हे मी त्याला समजावत होते. पायात रक्ताची गाठ धरते, ती सुटली तर फुफ्फुसात जाऊन अडकते, ती धरू नये म्हणून हे औषध. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "अक्का, नानांना मी एकच दिवस इंजेक्शन दिलं. दुसऱ्या दिवशी अभिमनभाऊंनी मला दारातूनच परत पाठवलं."

मी उठले. वॉर्डात जाऊन चादरी बदलत बसले.

अभिमन, ऑपरेशनच्या सहाव्या दिवशी तू नानांना घरी न्यायचं म्हणालास. डॉक्टर तयार नव्हते. अजून दहा दिवस सकाळ-संध्याकाळ इंजेक्शन चुकता कामा नये, असं ते म्हणत होते. माझा भाऊ चुकवणार नाही, असा शब्द मी त्यांना दिला. बाटल्या कापसात गुंडाळून मीच तुझ्या पिशवीत ठेवल्या. घरी नेल्यापासून पाचव्या दिवशी तुझं पत्र आलं, इंजेक्शनं वेळेवर चालू आहेत, नाना खुशाल आहेत. नवव्या दिवशी सकाळी नाना खाटेवर उठून बसले, छातीला हात लावला, दम लागला आणि कुणी पाणी आणेपर्यंत गेले.

तू घाबरला असशील. इंजेक्शनांमुळे पोटावर उठलेले निळे डाग पाहिले असशील. रक्त पातळ केलं तर माणूस हातचा जाईल, असं कुणीतरी सांगितलं असेल. ते मी समजू शकते. इंजेक्शनं देऊन नाना नक्की वाचले असते, असंही कोणी डॉक्टर छातीठोक सांगणार नाही. पण तू मला खोटं लिहिलंस. आणि तेराव्याला सगळ्या भाऊबंदांत आई म्हणाली, प्रमिलानं ऑपरेशनचा हट्ट धरला म्हणून माणूस गेला, तेव्हा तू माझ्या शेजारी मान खाली घालून बसलास. मला वाटलं, तू रडतो आहेस.

आता माझंही सांगते. इतके दिवस सांगायचं टाळत होते. त्या पत्रात तू लिहिलं होतंस, 'पोटावर आता एकही डाग नाही.' अठरा वर्षं मी सिस्टर आहे. रोज दोन इंजेक्शनं चालू असलेलं पोट इतकं स्वच्छ नसतं. ते वाक्य मी दोनदा वाचलं आणि शंका घेण्याऐवजी बरं वाटून घेतलं. गावाकडे येणाऱ्या चोपड्याच्या गाड्या इथून दिवसभर सुटतात. मी आले नाही.

येत्या रविवारी येते. आईला तू तुझं सांग, मग मी माझं सांगेन.

तुझी,
प्रमिलाअक्का


जळगाव,
१२ फेब्रुवारी १९९२

तीर्थरूप आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र अभिमनच तुला वाचून दाखवत असेल. अभिमन, काही गाळू नकोस.

आई, रविवारी मी पोचले तर अभिमन सकाळीच जामनेरला निघून गेलेला. तू चुलीपुढे होतीस. त्याचं नाव न घेता मी फक्त माझं सांगितलं. नानांची इंजेक्शनं बंद आहेत, हे मला ओळखता आलं असतं, पण मी आले नाही. तू भाकर थापत राहिलीस. आता मला घराबाहेर काढशील असं वाटत होतं. तू म्हणालीस, "माले ठाऊक शे. अभिमननी माले नाना गयात त्याच दिन सांगं व्हतं."

म्हणजे तेराव्याला तुला सगळं माहीत होतं.

मग चारचौघांत माझं नाव का घेतलंस, असं मी विचारलं. तू भाकर उलटलीस. माझ्याकडे न बघता म्हणालीस, "तू जळगावले ऱ्हास. माले त्यानाच घरमा ऱ्हानं शे."

तुला त्याच्याच घरात राहायचं आहे, हे खरंच. तू वाढलंस ते जेवले आणि गाडी धरली. अभिमनवर रागावणं मला सोपं आहे. तुझं काय करायचं, ते मला कळत नाही.

मी निघाले तेव्हा तू ओट्यावर पाय चोळत बसली होतीस. वयाने दुखत असतील. पण एकच पोटरी सुजली, गरम लागली, तर तेल चोळत बसू नका. घरगुती काही करू नका. त्याच दिवशी माझ्या दवाखान्यात फोन करा. सिस्टर म्हणून मी मिळेल त्या गाडीने येईन.

मुलगी म्हणून यायला मला वेळ लागेल.

प्रमिला