सुई न टोचणारं घड्याळ

मंगळवार, संध्याकाळ. कोरीट.

माझ्या बायकोचा, सुमनचा, डायबिटीस जुना, पण तिच्या बोटाला सुई टोचताना अजून माझाच हात मागे येतो. म्हणून न टोचता साखर दाखवणारं घड्याळ मीच ऑनलाइन मागवलं. आज ती कापूस वेचून आली तीच घामाने डबडबलेली. म्हणाली, "हात थरथरी ऱ्हायनात." घड्याळात एकशे अठरा. मी म्हणालो, "साखर बरोबर शे, जराशी पड." थोड्या वेळाने तिची जीभ अडखळायला लागली. तेव्हा कुठे जुनं मशीन काढून बोट टोचलं. बावन्न. साखरेचं पाणी पाजल्यावर हळूहळू सावरली. एकशे अठरा! त्या आकड्यावर विश्वास ठेवला, तिच्यावर का नाही ठेवला मी? जेवणाआधी तिनेच बोट पुढे केलं. "टोचा. माले नही दुखस. तुमलेच दुखस."