रबराच्या पाट्या बसल्यापासून

गुरुवार, एकादशी. दिवेलागण.

देवापुढे बसले, पण जप होईना. शेजारच्या प्रभाकरभाऊंचा पाय ह्यांच्यामुळे चिरडला, आणि ते फक्त मला ठाऊक आहे.

खनिज दळायच्या त्या ढोलांना आतून लोखंडी पाट्या होत्या, तेव्हा कारखान्यात इतका आवाज की सगळे हातानेच खुणा करायचे. ह्यांचे कान गेल्याचं कोणाच्या लक्षातही आलं नाही. मग रबराच्या पाट्या बसल्या, आवाज कमी झाला आणि माणसं हाका मारायला लागली. कानाच्या तपासणीत डॉक्टरचं बोट बटण कधी दाबतं ते बघून हात वर करा, हे ह्यांना मीच शिकवलं. नोकरी राहावी म्हणून. उपासही धरला होता.

काल झिजलेली पाटी काढताना ती उचलणारी साखळी सुटली. प्रभाकरभाऊ ओरडले, हे हलले नाहीत. त्यांनी धावून ह्यांना ढकललं, आणि पाटी त्यांच्याच पायावर आली.

आज त्यांची बायको सुनीता दवाखान्यातून आली. "भाऊजी काऊन नाई सरकले व, बाई? तीन खेपा ओरडलो म्हन्ते हे."

"घाबरले असतीन," मी म्हटलं. एकादशीला खोटं बोलले. तीन खेपा! घरात माझी हाक तरी कितव्या खेपेला पोचते?

उद्या ह्यांची पुन्हा ड्यूटी. ह्यांना हळू काही सांगता येत नाही, आणि क्वार्टरची भिंत पातळ.

रात्री शेवटी ओरडूनच सांगितलं. "तुमाले ऐकू येत नाई, हे सायबाले सांगा!"

पलीकडे सुनीता भांडी घासत होती. तो आवाज थांबला.